माळ पड नाही

दिवाळी झाली, नागली खळ्यावर आली आणि वरच्या माळावर अनोळखी माणसं दिसायला लागली. तीन पायांचं यंत्र लावून ती दिवसभर मोजणी करत होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर दगडांना लाल रंग. शेळ्या चारणाऱ्या पोरांनी विचारलं, तर म्हणाले, "सरकारी काम आहे." सरकारी काम म्हटलं की आदिवासी बाजूला होतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत बैठक लागली. दवंडी नाही, नोटीस नाही. ज्यांना फोन आला तेवढेच गेले. चहा झाला, बिस्किटं झाली, मग एक कागद फिरला. "हजेरीची सही करा." ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा दिला. कागद वरून दुमडलेला होता. आमच्यातल्या एकाने तो उघडून दाखवा म्हटलं तर, "नंतर झेरॉक्स देऊ," असं उत्तर मिळालं. हा अंक काढेपर्यंत झेरॉक्स आलेली नाही.

बैठकीत कंपनीचा माणूस गोड बोलला. शंभर मेगावॅटचा सोलर प्रकल्प येणार. धूर नाही, आवाज नाही, धरणासारखं गाव बुडणार नाही. "माळ पड आहे, तिथं काही उगवत नाही. तुमचं काहीच जाणार नाही." हे वाक्य तो तीनदा बोलला. या अंकात आम्ही त्याच एका वाक्याबद्दल लिहिणार आहोत, कारण सगळी लढाई त्या वाक्यात आहे.

पड कोण म्हणतं?

माळाला पड म्हणतो सातबारा. सातबारा लिहिणारा माणूस माळावर चढून आल्याचं आपल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबालाही आठवत नाही. ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि जिच्यातून सरकारला सारा मिळत नाही, ती इंग्रजाच्या काळापासून कागदावर पड. एका साहेबाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, आता कॉम्प्युटरमध्ये पण तेच चढलं. अर्धा माळ फॉरेस्टच्या नकाशात आहे, अर्धा गायरान आहे. आपलं नाव दोन्हीकडे नाही.

मग आपणच लिहू या, माळ वर्षभर काय देतो ते.

फाल्गुन-चैत्रात मोहफुलं. पहाटे अंधारात बाया-पोरं टोपल्या घेऊन निघतात. नंतर मोहाच्या बिया, त्या गाळून तेल. वैशाखात टेंबरूणची पानं, करवंदं, चारोळी. पळसाची पानं पत्रावळीला, शिंदीची पानं झाडूला. पहिला पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, आळिंबी. आषाढात घरातलं धान्य संपतं तेव्हा कुणाचा चुलीवरचा तवा रिकामा राहत नाही, तो याच रानभाजीमुळे. श्रावण-भादव्यात गवत कमरेएवढं. खाली सगळी शेतं पेरलेली असतात, तेव्हा गावचे बैल, गाई, शेळ्या कुठे चरतात? माळावर. कार्तिकात तेच गवत कापून छपराला आणि बैलांना. हिवाळ्यात वाळकं सरपण. बाळंतिणीला लागणाऱ्या मुळ्या, तापाचा पाला, हे सुईणीला विचारा.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाची माणसं माळावरूनच गडाकडे जातात. वाघदेवाचा दगड तिथे आहे. आणि ज्यांच्या घरात लहान लेकरू गेलं, त्यांना माहीत आहे ते माळाच्या कोणत्या कडेला ठेवलंय. त्या जागेवर पण लाल रंगाचा दगड आहे. एका आजीने तो उचलून खाली नाल्यात टाकला. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

अजून एक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही. माळावर पडलेला पाऊस गवत धरून ठेवतं, तो हळूहळू मुरतो आणि खालच्या झऱ्यांना फाल्गुनपर्यंत पाणी राहतं. असेच झरे, ओहोळ खाली जाऊन पांझरेला आणि कान नदीला मिळतात. माळ सपाट केला, गवत-झुडूप काढलं, तर पाणी धो धो वाहून जाईल आणि माती आपल्या भाताच्या खाचरात येऊन बसेल. प्लेटा धुवायला पाणी लागतं. ते कुठून आणणार, असं आम्ही बैठकीत विचारलं. "बघू," म्हणाले.

हे सगळं कुणाचं जातं? ज्याच्या नावावर पाच एकर आहेत त्याचं थोडं जातं. ज्या विधवा बाईकडे एक गुंठा जमीन नाही, फक्त पाच-सहा शेळ्या आहेत, तिचं सगळं जातं. शेळी हीच तिची बँक. पोराची फी, दवाखाना, लग्न, सगळं शेळी विकून. माळाला तार लागली की शेळ्या विकाव्या लागतील, आणि मग ती दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच गुजरातला ऊसतोडीला जाईल. कंपनीच्या माणसाने तिला बैठकीला बोलावलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आपण पण बोलावलं नव्हतं.

शंभर मेगावॅट म्हणजे किती?

मेगावॅट हा शब्द ऐकून आपण गप्प बसतो. त्याचा हिशोब अवघड नाही. जमिनीवर सोलर लावायचा तर एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. शंभर मेगावॅट म्हणजे चारशे ते पाचशे एकर. आपला वरचा माळ, त्याला लागून असलेले फॉरेस्ट प्लॉट आणि खालच्या दोन पाड्यांची वाट, सगळं धरलं तर तेवढं भरतं. म्हणजे माळाचा एक कोपरा द्यायचा नाहीये. पूर्ण माळ द्यायचा आहे.

सोलर प्लेटांवर सावली चालत नाही. म्हणून झाड ठेवत नाहीत. चोरीची भीती, म्हणून चारी बाजूंनी तारेचं कुंपण. आत गुरं नाहीत, माणसं नाहीत. आज शाळेची पोरं माळावरून अर्ध्या तासात आश्रमशाळेत पोचतात, उद्या कुंपणाला वळसा घालून जातील.

नोकरीचं काय? खड्डे खोदायला, खांब उभे करायला माणसं लागतात, ते काही महिन्यांचं काम. नंतर लागतात चौकीदार, गवत कापणारे, प्लेटा धुणारे. शंभर मेगावॅटवर अशी माणसं थोडीच लागतात. आणि त्या थोड्यांत पाड्यावरचा कोण असेल, हे आपण ठरवणार नाही, ठेकेदार ठरवणार.

वीज कुणाला? ती मोठ्या लाईनवरून सबस्टेशनला जाईल, तिथून पुढे शहराला, कारखान्याला. आपल्या पाड्यावर सायंकाळी लाईट जाते ती जातच राहील. प्रकल्प गावात आला म्हणजे वीज गावात आली, असं नसतं. ज्यांना खात्री नाही त्यांनी ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांखाली राहणाऱ्या पाड्यांत एक रात्र काढून यावी. शिवाजीनगरला जाऊन यावं. आपल्याच साक्री तालुक्यात तिथे २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभा आहे, तो सरकारी कंपनीचा आहे. तिथल्या लोकांना तीनच प्रश्न विचारा: गुरं कुठे चरतात, कामावर किती जण आहेत, आणि आधी काय सांगितलं होतं?

आणि विखरणचं नाव विसरू नका. आपल्याच धुळे जिल्ह्यातलं गाव. धर्मा पाटील नावाचे म्हातारे शेतकरी, वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, शेजाऱ्याला जास्त आणि आपल्याला नाममात्र मोबदला मिळाला म्हणून चकरा मारत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला मुंबईत मंत्रालयात त्यांनी विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. त्यांच्याकडे सातबारा होता, विहीर होती, आंब्याची झाडं होती, मराठी बोलणारी तोंडं होती. आपल्याकडे फॉरेस्ट प्लॉटचा अर्धा कागद आहे. मोबदल्याची भाषा सुरू झाली की आपला नंबर कुठे लागेल, याचा विचार करा.

भाड्याचा मोह

आता अवघड गोष्ट बोलू. ती टाळली तर हा अंक खोटा होईल.

आपल्यातलेच काही जण म्हणतात, "एकरी वर्षाला पन्नास हजार मिळत असतील तर देऊन टाकू. नागली करून काय मिळतं?" हे म्हणणारे दलाल नाहीत. आपले भाऊ आहेत. नागलीत काय मिळतं ते आम्हालाही माहीत आहे. हा अंक काढणारे आम्ही बहुतेक दहावी-बारावी झालेले, नोकरी नसलेले. पन्नास हजार आकडा ऐकून आमच्या पण पोटात हललं.

हा आकडा आला कुठून? सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी गडचिरोलीत जाहीर केलं की आदिवासींना आपली जमीन थेट खासगी माणसाला भाड्याने देता यावी असा कायदा करू, एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण आज कायदा काय आहे? जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला आधी परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही, गहाण देता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाड्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. त्याहून जास्त असेल तर राज्य सरकारचीही लागते. सोलरचा करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. म्हणजे दलाल तुम्हाला स्टॅम्पवर जे लिहून मागतोय ते कायद्यात बसत नाही. हे कलम आपल्याला बांधून ठेवायला केलेलं नाही. दारूच्या बाटलीवर आणि दोन पोती ज्वारीवर आपल्या आज्यांच्या जमिनी गेल्या, म्हणून ते करावं लागलं. सत्तरच्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराजांच्या मागे हजारो माणसं उभी राहिली ती अशाच गेलेल्या जमिनींसाठी.

फॉरेस्ट प्लॉटचं तर अजून स्पष्ट आहे. वनहक्क कायद्याचं कलम ४(४) सांगतं की पट्ट्याची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. नवऱ्याने एकट्याने कागद केला तर तो कागद कशाला उपयोगाचा?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पन्नास हजार मिळतील ते कुणाला? ज्याच्या नावावर जमीन त्याला. माळ कुणाच्या नावावर आहे? सरकारच्या. म्हणजे माळाचं भाडं आपल्याला एक रुपया मिळणार नाही. गायरानाचा दुसरा किस्सा बघा. २०२२ च्या शेवटी राज्यभर गायरानावरची अतिक्रमणं काढा म्हणून गरिबांच्या झोपड्यांना, शेतांना नोटिसा निघाल्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तीच सरकारी जमीन सोलरसाठी नाममात्र भाड्याने दिली जाते. ते प्रकल्प छोटे आहेत, शेतीपंपासाठी आहेत, त्यांचा काही ठिकाणी फायदाही असेल. पण नजर बघा. गरीब बसला की अतिक्रमण, कंपनी बसली की विकास. जागा तीच.

कायदा आपल्या बाजूला किती?

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याचा हक्क. एवढं आपण पाठ केलंय. पण कायदा फक्त प्लॉटचा नाही. कलम ३(१) मध्ये चराईचा हक्क आहे, मोह-तेंदूसारख्या वनउपजाचा हक्क आहे, आणि जे जंगल गाव आधीपासून राखत आलंय ते राखण्याचा, सांभाळण्याचा सामूहिक हक्क आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळवला. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची.

कलम ४(५) म्हणतं, हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही वनजमिनीवरून हलवता येणार नाही. ओडिशाच्या नियमगिरीत डोंगरिया कोंध आदिवासींच्या डोंगरावर खाण येणार होती. सुप्रीम कोर्टाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही.

खोटी आशा आम्ही देणार नाही. २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले. वनजमीन प्रकल्पाला द्यायची तत्त्वतः मंजुरी आधी, आणि वनहक्काचं बघायचं काम राज्य सरकारवर, असा क्रम केला. म्हणजे ग्रामसभेला विचारायच्या आधीच वर बरंच ठरलेलं असेल. पण वनहक्क कायदा रद्द झालेला नाही. पेसा रद्द झालेला नाही. आपले पाडे अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे इथे जमीन घ्यायची तर ग्रामसभेची संमती आधी लागते.

ग्रामसभा म्हणजे पंचायतीतला चहा नाही. वनहक्काच्या नियमांप्रमाणे निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. त्या दिवशी बैठकीत बायांची संख्या किती होती? चहा करणारी धरून दोन.

अजून एक कलम आहे, ते सोलरवाल्यांना मुद्दाम वाचून दाखवा. कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी अशा तेरा कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येते. त्या तेरांत अपारंपरिक ऊर्जा पण आहे, म्हणजे सोलर. अट काय? प्रत्येक काम एक हेक्टरपेक्षा कमी जागेत, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. म्हणजे कायद्याने सोलरला नाही म्हटलेलं नाही. कायद्याने सांगितलंय की गावाच्या गरजेएवढा घ्या, गावाला विचारून घ्या. एक हेक्टरपेक्षा कमी आणि पाचशे एकर, यात जेवढं अंतर आहे तेवढंच अंतर आपल्या आणि त्यांच्या विकासात आहे.

आपली चूक

आता स्वतःकडे बघू. इतकी वर्षं आपण मोर्चे काढले. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंतच्या लाँग मार्चमध्ये आदिवासी पाय फुटेपर्यंत चालले. पण दावे भरताना आपण काय केलं? नमुना 'अ' भरला, म्हणजे माझा प्लॉट. चराईचा, वनउपजाचा नमुना 'ब' बहुतेक पाड्यांनी भरलाच नाही. जंगल राखण्याचा नमुना 'क' तर कुणी आणलाही नाही. का? कारण प्लॉट माझा होता आणि माळ सगळ्यांचा होता. सगळ्यांचा म्हणून कुणीच कागद केला नाही. संघटनेचे कार्यकर्ते म्हणून ही चूक आधी आमची. आम्हीच प्लॉटच्या फायली घेऊन तालुक्याला पळत होतो. माळ कुठे पळून जातोय, असं वाटायचं.

आज कंपनी त्याच रिकाम्या जागेवर उभी आहे. माळ रिकामा नाही, कागद रिकामा आहे. तो आपणच भरायचा आहे, आणि लवकर.

काय करायचं

१. कुठल्याही कोऱ्या, दुमडलेल्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही. हजेरीचा कागद असेल तर वर "फक्त हजेरी, संमती नाही" असं लिहूनच सही करायची. ज्यांनी आधी सह्या केल्यात त्यांना दोष देऊ नका. त्यांनी "माझी सही हजेरीची होती" असा अर्ज ग्रामपंचायतीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा, पोच घ्यावी. अर्जाचा नमुना आमच्याकडे आहे.

२. पाड्यापाड्याची वन हक्क समिती आहे का, तिच्यात कोण आहे, जिवंत किती आहेत, ते तपासा. दहा ते पंधरा माणसं, त्यात एक तृतीयांश बाया.

३. माळाचा नकाशा आपण काढायचा. मोहाची झाडं मोजायची, झरे, गुरांच्या वाटा, वाघदेव, पुरण्याच्या जागा, गवत कापायचे वाटे, सगळं दाखवायचं. पोरांकडे मोबाईल आहेत, त्यांनी फोटो आणि जागेची नोंद घ्यावी.

४. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे. नियमांप्रमाणे दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. स्मशान, देवाची जागा, जुनी विहीर हाही पुरावा आहे. शाळेत न गेलेल्या आजीची आठवण सातबाऱ्याच्या शेजारी उभी राहू शकते. ती आजी या उन्हाळ्यापर्यंत आहे, पुढच्या वर्षी असेल की नाही सांगता येत नाही. म्हणून घाई.

५. नमुना 'ब' आणि 'क' भरून ग्रामसभेत मंजूर करायचे आणि उपविभागीय समितीकडे पोच घेऊन द्यायचे. पोच दिली नाही तर तिथेच बसायचं.

६. ग्रामसभेचा ठराव आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहायचा. आणलेला छापील ठराव घ्यायचा नाही.

सरकारकडे आमचं मागणं साधं आहे. दुमडलेल्या कागदाची प्रत द्या. मोजणी कुणाच्या हुकमाने झाली ते लेखी सांगा. सामूहिक दावे निकाली निघेपर्यंत माळावर एकही खांब रोवू नका. आणि सोलरच करायचा असेल तर आधी आश्रमशाळेच्या, दवाखान्याच्या, सरकारी कचेऱ्यांच्या छपरांवर करा. पाड्यासाठी छोटा प्रकल्प द्या, आम्ही जागा दाखवतो, त्याचा कारभार ग्रामसभा करेल. सूर्याशी आमचं भांडण नाही. तो आमच्या अंगणात रोज येतो आणि भाडं मागत नाही.

जे भाऊ भाड्याच्या बाजूने आहेत त्यांना एक विनंती. भांडून घरात बसू नका, बैठकीला या. तुमचा हिशोब सगळ्यांसमोर मांडा, आम्ही आमचा मांडतो. पण त्या हिशोबात पाच शेळ्यावाल्या मावशीचा पण आकडा धरा. ती पण आपल्याच गोतातली आहे. ठरेल ते सगळ्या गावाचं ठरेल, रात्री दलालाच्या गाडीत ठरणार नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पाड्यांची बैठक आहे. ती पंचायतीत नाही, वरच्या माळावर, मोठ्या मोहाखाली आहे. भाकर बांधून आणा. घरातल्या बाईला पाठवून आपण घरी राहा किंवा दोघं या, पण पुरुष एकटे येऊ नका. म्हाताऱ्यांना पाठीवर बसवून आणलं तरी चालेल, त्यांचंच त्या दिवशी खरं काम आहे. वही-पेन आम्ही आणतो.

हा अंक वाचून झाल्यावर फेकू नका. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा आणि पुढच्या पाड्याला द्या.

माळ आमचा, मोह आमचा, ठराव आमचा.

जोहार. जिंदाबाद.